एका प्रश्नावलीचा चीनप्रवास

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, ऐन दिल्लीच्या थंडीत, माझ्या कंबरेने असहकार पुकारला. मणक्यातील गादी थोडी सरकली आहे, शस्त्रक्रियेची घाई नको, आधी व्यायामोपचार करून पाहू, असे ठरले. आणि एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागातील बाकावर बसून मी एक इंग्रजी तक्ता भरू लागलो. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला तक्त्यांचे भय नसते. दहा विभाग होते आणि प्रत्येकात चढत्या त्रासाची सहा विधाने. आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. नऊ विभागांवर खुणा केल्या. आठवा विभाग वैवाहिक शरीरसंबंधांविषयी होता. तक्ता परत घेणारी मुलगी माझ्या कन्येच्या वयाची, आणि मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाचत होते. तो रकाना मी कोरा सोडला.

त्या मुलीने बेरीज केली. वीस आली. पन्नासपैकी वीस म्हणजे चाळीस टक्के; शेरा पडला 'मध्यम'. मी आभार मानून घरी आलो. त्या बेरजेत एक चूक होती, ती मला पुढे महिनाभराने कळली. तिच्याकडे येईनच.

तक्ता दिसला की त्याचा जन्म कोठे झाला हे शोधण्याची मला खोड आहे. हा तक्ता जन्मला इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावात. श्रॉपशर परगण्यातील, वेल्सच्या सीमेलगतचे हे बाजाराचे गाव. तेथील अस्थिरोग रुग्णालयाचा इतिहासही वाचण्याजोगा आहे. अ‍ॅग्नेस हंट नावाच्या, स्वतः लहानपणापासून पायाने अधू असलेल्या परिचारिकेने १९०० साली बॅसचर्च या खेड्यात अपंग मुलांसाठी एक शुश्रूषागृह काढले. रॉबर्ट जोन्स या शल्यविशारदांची तिला साथ मिळाली. १९२१ मध्ये ते ऑस्वेस्ट्रीला आले. दोघांचीही नावे ते रुग्णालय आजपर्यंत मिरवते आहे. याच ठिकाणी १९७६ मध्ये डॉ. जॉन ओब्रायन यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांशी पद्धतशीर बोलून त्यांचे रोजचे जगणे नेमके कोठे अडते हे टिपण्याचे काम सुरू केले. जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ती प्रश्नावली प्रसिद्ध केली. 'ऑस्वेस्ट्री निर्देशांक' या नावाने ती जगभर गेली.

तिची हिशेबाची रीत साधी आहे. प्रत्येक विभागाला शून्य ते पाच गुण, दहा विभागांचे पन्नास. मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढायची. वीसपर्यंत किमान अक्षमता, चाळीसपर्यंत मध्यम, साठपर्यंत तीव्र, ऐंशीपर्यंत पंगू. त्यापुढचा रुग्ण एक तर अंथरुणाला खिळलेला, नाही तर अतिशयोक्ती करणारा! मूळ निबंधात खरोखर असेच लिहिले आहे. वैद्यकीय रजेच्या अर्जांवर शेरे मारण्यात आयुष्य घालवलेल्या आस्थापना शाखेतील कोणालाही हा शेवटचा वर्ग ओळखीचा वाटेल.

एक्स-रे आणि एमआरआय हाड आणि गादी दाखवतात, दुखणे दाखवत नाहीत. फोटोत कणा पार झिजलेला आणि माणूस मजेत हिंडतो आहे. फोटो स्वच्छ आणि माणूस कण्हतो आहे. असे वारंवार घडते. म्हणून रुग्णालाच विचारायचे आणि त्याच्या उत्तराला आकडा द्यायचा, हा या प्रश्नावलीमागचा विचार. तो मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पटतो. पण रुग्णाला विचारायचे म्हणजे कोणत्या तरी भाषेत विचारायचे. ऑस्वेस्ट्रीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न उद्भवला नाही. तो उद्भवला ती प्रश्नावली परदेशी निघाली तेव्हा. तिच्या अनेक भाषांतरांपैकी चिनी भाषांतरांची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे चिनी भाषांतर एक नाही. हाँगकाँगमधील आवृत्तीची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तैवानमधील २००८ मध्ये, मुख्य भूमीवरील सरलीकृत लिपीतील २००९ मध्ये. मुख्य भूमीवर १९५६ पासून लिपी सोपी करण्याची योजना अमलात आली; हाँगकाँग आणि तैवानने जुनी अक्षरे राखली. परंतु भेद केवळ अक्षरांच्या वळणाचा नाही. हाँगकाँगचा माणूस घरी कँटोनीज बोलतो आणि प्रमाण लिखित चिनी वाचतो. वाचता न येणाऱ्या एखाद्या आजीबाईंना तक्ता वाचून दाखवायची वेळ आली, तर कागदावरचे जसेच्या तसे वाचलेले वाक्य त्यांना पोथीसारखे वाटणार. मग वाचणारी परिचारिका ते बोलभाषेत फिरवून सांगणार. आणि त्या क्षणी, कोणत्याही समितीच्या संमतीवाचून, आणखी एक भाषांतर जन्माला येणार. आपल्याकडे पाहणीला गेलेला प्रगणक दारोदार हेच करत असतो.

आता दुखण्याच्या जागेकडे येऊ. इंग्रजीत 'बॅक' हा एकच शब्द मानेखालून माकडहाडापर्यंतचा सारा प्रदेश व्यापतो. खालचा भाग सांगायचा तर त्याला 'लो' हे विशेषण जोडावे लागते. चिनीत तसे नाही. वरची ती 'बेइ', खालची ती 'याओ'. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नकोच, कारण आपल्याकडेही वरची ती पाठ आणि खालची ती कंबर. पाठदुखी निराळी, कंबरदुखी निराळी. चिनी भाषांतरकारापुढे त्यामुळे दोन वाटा असतात. तैवानच्या वैद्यकीय लिखाणात 'श्या-बेइ-थुंग' असा शब्द रूढ आहे. त्याचा अक्षरशः अर्थ 'खालच्या पाठीचे दुखणे', म्हणजे इंग्रजीची प्रतिकृती. दुसरी वाट म्हणजे साधे 'याओ-थुंग', कंबरदुखी, जे चीनमधला कोणताही शेतकरी बोलतो.

या निवडीचा न्याय कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. १९७० साली रिचर्ड ब्रिस्लिन यांनी उलट भाषांतराची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली: चिनीत गेलेला मजकूर, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायचे. २००० साली बीटन, बोंबार्डिए, गिलेमिन आणि फेराझ यांनी 'स्पाइन' या नियतकालिकात त्याची पूर्ण कार्यपद्धती घालून दिली. दोन भाषांतरकार, त्यांपैकी एक विषय जाणणारा व एक विषयाशी अनभिज्ञ. दोघांच्या मसुद्यांचा मेळ. मग दोन उलट भाषांतरे. मग तज्ज्ञांची समिती. आणि अखेरीस ३० ते ४० रुग्णांवर चाचणी. प्रत्येक टप्प्याचे लेखी अभिलेख ठेवायचे. आमच्या खात्यातही इतकी काटेकोर नस्ती क्वचितच चालते.

पण उलट भाषांतरात एक गोम आहे. 'खालच्या पाठीचे दुखणे' हा प्रतिकृतीचा शब्द इंग्रजीत परत आणला की मूळ शब्द तंतोतंत हाती येतो. समिती समाधानी होते. 'कंबरदुखी' परत आणली तर इंग्रजीत कंबरेचे काही तरी येते, आणि समिती भुवया उंचावते. म्हणजे या परीक्षेत रुग्णाच्या तोंडचा शब्द नापास होण्याचा आणि साहेबाच्या शब्दाचा छाप पहिल्या वर्गात उत्तीर्ण होण्याचा संभव अधिक. केंद्र सरकारात काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. १९६३ च्या राजभाषा अधिनियमानुसार आमचे आदेश आणि अधिसूचना हिंदी व इंग्रजी दोन्हींत निघतात. त्यांतील हिंदी इंग्रजीत परत नेली तर शब्दाला शब्द जुळतो. मात्र ज्याच्यासाठी आदेश काढला त्या बरेलीच्या कारकुनाला तो समजण्यासाठी इंग्रजी प्रत मागवावी लागते. मूळ कार्यालयाचे समाधान उलट भाषांतराने होते. रुग्णाचे समाधान झाले की नाही, हे फक्त त्या शेवटच्या तीस-चाळीस जणांना विचारून कळते. आणि घाईच्या कामात नेमका तोच टप्पा उरकला जातो.

जागेनंतर दुखण्याची जात. इंग्रजीतील 'पेन' मोघम आहे. चिनी रुग्ण दुखण्याच्या जाती वेगळ्या सांगतो: 'थुंग' म्हणजे खरे दुखणे, 'स्वान' म्हणजे श्रमाने वा वयाने येणारी आंबलेली ठसठस, मूळ शब्दाचा अर्थही आंबट असाच, 'मा' म्हणजे बधिरपणा, मुंग्या, 'चांग' म्हणजे तणावलेपण, फुगारा. रोजच्या बोलण्यातल्या 'याओ-स्वान बेइ-थुंग' या जोडशब्दात कंबर आंबते आणि पाठ दुखते. आता ज्याची कंबर दिवसभर 'स्वान' आहे, त्याला तक्ता विचारतो, आत्ता 'थुंग' आहे का? तो प्रामाणिकपणे म्हणतो, नाही. शून्य गुण. माणूस खोटे बोललेला नाही, भाषांतरही चुकलेले नाही.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींना हे दुःख चांगले ठाऊक असावे. कंबरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, पायात कळ गेली, मांडी ठणकते, पोटरीला गोळा आला, हे सगळे दिल्लीच्या डॉक्टरांपुढे 'दर्द है' या दोन शब्दांत संपते. मी तेच सांगितले. उसणीला मला अजून हिंदी शब्द सापडलेला नाही.

आणखी बारीक अडचण 'कॅन' या इंग्रजी क्रियापदाची. प्रश्नावलीतील कितीतरी विधाने 'मी अमुक करू शकतो' अशी आहेत. चिनीत त्यासाठी तीन शब्द: 'नंग' म्हणजे अंगात ताकद आहे म्हणून करू शकतो, 'ह्वेइ' म्हणजे शिकलो आहे म्हणून येते, 'ख-यी' म्हणजे करायला मुभा आहे. मराठीतही पोहता येणे, पोहू शकणे आणि पोहायला हरकत नसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन उचलण्याच्या विभागात 'ख-यी' योजला, तर डॉक्टरांनी ओझे उचलायला मनाई केलेला आज्ञाधारक रुग्ण 'नाही' म्हणेल, त्याच्या अंगात बळ असले तरी. अक्षमतेच्या जागी आज्ञापालन मोजले जाईल.

चालण्याच्या विभागात मैल, अर्धा मैल आणि शंभर यार्ड आहेत. चिनीत मैलाला 'यिंग-ली' म्हणजे 'इंग्रजी ली' म्हणतात, आणि अंतराचे ते माप मनात धरून चालणारा चिनी माणूस विरळा. मैलाचे सोळाशे मीटर करावेत, की सहज कळावे म्हणून एक किलोमीटर करावा? पहिल्याने अचूकता राहते, दुसऱ्याने उत्तर खरे मिळते. बसण्याच्या विभागात तर 'मी फक्त माझ्या आवडत्या खुर्चीतच हवा तितका वेळ बसू शकतो' असे विधान आहे. शेकोटीजवळची, आजोबांच्या बसण्याने खोलगट झालेली खुर्ची डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहणाऱ्या हाँगकाँगच्या घरात स्वतःची आवडती खुर्ची कोणाची? २००० सालच्या कार्यपद्धतीने या प्रकारास अनुभवाची समतुल्यता असे नाव दिले आहे आणि काट्याने जेवण्याचे उदाहरण दिले आहे: जेथे काटा वापरतच नाहीत तेथे काट्याने जेवता येते का, हे विचारून काय उपयोग? दुसऱ्या एका सर्वसाधारण आरोग्यविषयक प्रश्नावलीत, एसएफ-३६ मध्ये, मध्यम श्रमाचे उदाहरण म्हणून गोल्फ होता. हाँगकाँगच्या आवृत्तीत त्याच्या जागी थाय-ची आले. ही सुधारणा मला फार आवडली.

त्याच कार्यपद्धतीत 'कुटुंब' या शब्दाचेही उदाहरण आहे, आणि ते वाचताना मला माझी जुनी फजिती आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी पूर्व भारतात एका पाहणीच्या देखरेखीवर होतो. एका चुलीवर जेवणारी माणसे, ही आमची व्याख्या; हिंदी तक्त्यात तिला शब्द होता 'परिवार'. एका म्हातारीने नऊ नावे सांगितली. घरात भांडी चौघांची. उरलेली पाच माणसे सुरतेला आणि लुधियान्याला होती. पण परिवार विचारल्यावर पोटची मुले वगळायची हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर तिने आम्हाला उभे केले नसते. त्या गटातील दरडोई खर्चाचे आकडे दोन महिने कोणाला उलगडेनात. भाषांतर शब्दकोशाप्रमाणे बिनचूक होते.

चीनला भाषांतराची शिस्त पाश्चात्त्यांकडून शिकावी लागली असे मात्र कोणी समजू नये. आपल्या ग्रंथांनी ती त्यांना हजार वर्षांपूर्वीच शिकवली होती. इ. स. ९८२ मध्ये सुंग सम्राटाने काइफंग या राजधानीत बौद्ध सूत्रांच्या भाषांतरासाठी एक संस्था उभारली. उत्तर भारतातून गेलेले भिक्षू तिचे प्रमुख. तिच्या कामाची विभागणी नोंदलेली आहे: एकाने संस्कृत म्हणायचे, दुसऱ्याने अर्थ पडताळायचा, तिसऱ्याने पाठ तपासायचा, कोणी चिनी शब्द योजायचे, कोणी ते चिनी वाक्यक्रमात बसवायचे, कोणी दोन्ही संहिता ताडून पाहायच्या, कोणी पाल्हाळ छाटायचा. आणि शेवटी भाषेला जिल्हई द्यायला दरबाराने नेमलेला एक सरकारी अधिकारी! हे पद वाचून माझा ऊर भरून आला. फरक एवढाच की त्या समितीपुढे प्रश्न बुद्धवचन शुद्ध उतरले की नाही हा होता. ऐकणाऱ्याकडून उत्तर घ्यायचे नव्हते. प्रश्नावलीच्या भाषांतरात सारी मदार उत्तरावर असते.

आता त्या आठव्या रकान्याकडे येऊ. चिनी आवृत्त्यांच्या वापरात लैंगिक जीवनाचा विभाग वारंवार कोरा राहतो. चीनमधील अनेक वैद्यकीय अभ्यासांत तो विभागच गाळून नऊ प्रश्नांवर, पंचेचाळीस गुणांतून हिशेब केलेला आढळतो. कारण म्हणून संकोचाचा उल्लेख होतो. संकोच आहेच. पण मला वाटते, येथे कंबरेचा शब्दही आड येत असावा. चिनी वैद्यकात कंबर हे मूत्रपिंडाचे घर, आणि मूत्रपिंड हे पुरुषाच्या वीर्यशक्तीचे भांडार मानले जाते. कंबर दुखते म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात त्या भांडारात काही उणे तर नाही ना, असा तर्क करतो. म्हणजे पहिल्याच ओळीत 'याओ' लिहून प्रश्नावलीने आठवा प्रश्न अर्धा विचारलेलाच असतो. पुन्हा उघडपणे विचारले की रुग्ण पेन खाली ठेवतो. ऑस्वेस्ट्रीच्या रुग्णाला हा धागा ठाऊकच नव्हता.

मूळ प्रश्नावलीच्या कर्त्यांनी या कोरेपणाची सोय करून ठेवली आहे, आणि माझ्या तक्त्यातील चूक मला येथेच सापडली. विभाग कोरा असेल तर त्याचे पाच गुण भाजकातूनही वगळायचे. पन्नासऐवजी पंचेचाळीसने भागायचे. माझे वीस गुण पंचेचाळीसपैकी, म्हणजे चव्वेचाळीस टक्के. मी 'मध्यम' नव्हतो, 'तीव्र' होतो. त्या मुलीने माझ्या मौनाला शून्य गुण दिले, म्हणजे त्या बाबतीत मला काहीही त्रास नाही असे माझ्या वतीने लिहून टाकले. 'तीव्र' असतो तर पहिल्या महिन्यात मला आठवड्यातून एकदाऐवजी तीनदा बोलावले असते, असे पुढे त्यांच्याच वरिष्ठांनी सांगितले. दोष मी तिला देत नाही. रांग मोठी होती.

एका रुग्णाचे चार टक्के ही किरकोळ बाब. पण हेच देशांच्या हिशेबात घडते तेव्हा ती किरकोळ राहत नाही. चीनने १९८७ साली अपंगत्वाची पहिली राष्ट्रीय नमुना पाहणी केली, दुसरी २००६ मध्ये. या कामामागे राहिलेल्या अखिल चीन अपंग महासंघाची स्थापना १९८८ ची. तिचे नेतृत्व डंग फुफांग यांच्याकडे होते. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत १९६८ मध्ये विद्यापीठाच्या इमारतीवरून पडून त्यांचा कणा मोडला आणि ते कायमचे चाकाच्या खुर्चीत गेले. त्याच काळात चिनी सरकारी भाषेतून अपंगांसाठीचा जुना, 'निकामी' असा ध्वनी असलेला शब्द मागे पडून नवा शब्द रुळला. २००६ च्या पाहणीत सुमारे ८ कोटी ३० लक्ष माणसे अपंग आढळली, लोकसंख्येच्या ६.३४ टक्के. आपल्या २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २.२१ टक्के होते. भारतीयांचे कणे चिन्यांच्या तिप्पट मजबूत आहेत असे मानण्यास माझी कंबर तयार नाही. त्यांनी डॉक्टरांकडून तपासणीसह पाहणी केली. आपण दारात उभे राहून, घरात कोणी अपंग आहे का, असे विचारले. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना या प्रश्नाचे उत्तर काय येते, हे ज्याने प्रगणकाबरोबर पायपीट केली आहे त्याला विचारावे. तेथेही रकाना कोरा राहतो, आणि कोऱ्याचे शून्य होते.

ऑस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीतही आली आहे. तिची विश्वसनीयता तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये 'स्पाइन' मध्येच प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या त्या रुग्णालयात ती मिळेल का, असे मी विचारले. हिंदीही ठेवत नाही, असे उत्तर आले. भाजकाविषयी मात्र मी एक लहानसे टिपण लिहून दिले. ते त्यांनी काचेखाली लावले आहे.

सहा महिन्यांनी अखेरची तपासणी झाली. तोच बाक, तोच तक्ता. या वेळी माझी बेरीज नऊ आली. मुलीने काचेखालचे टिपण पाहून पंचेचाळीसने भागले आणि वीस टक्के लिहिले. पन्नासने भागले असते तर अठरा. दोन्ही रीतींनी मी 'किमान' याच वर्गात होतो. आठवा रकाना कोराच होता.